पाठीचं ऑपरेशन, नंतरचं दुखणं आणि ती 'स्ट्राँगवाली' गोळी

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. भांडुपला राहतो, एका कंपनीत अकाउंट्स बघतो, वीस वर्षं स्लो लोकलने सीएसएमटी करतोय, आणि दोन वर्षांपूर्वी कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली (एल-४ एल-५) गादी सरकली तेव्हा डावा पाय कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत असा पेटायचा की ऑफिसात उभ्या उभ्या व्हाउचर तपासायचो. शेवटी ऑपरेशन झालं, चांगलं झालं, सर्जनबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी जी काही गोची झाली ती घरी आल्यानंतर झाली. आता आमच्याच ऑफिसातल्या एकाची पुढच्या महिन्यात तारीख लागलीये, त्याने विचारलं की दुखतं किती रे, आणि त्या गोळ्यांची सवय लागते म्हणतात ते खरं का. त्याला व्हॉइस नोट पाठवायला बसलो तर ती सात मिनिटांची झाली, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढू.

तर माझी गोची अशी. डिस्चार्जच्या कागदावर ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी, दिवसातून तीनदा, असं लिहिलं होतं. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही, मीही विचारलं नाही. पंधरा गोळ्या संपल्या, खालच्या मेडिकलवाल्याला तोच कागद दाखवला, त्याने "किती पट्ट्या देऊ?" एवढंच विचारलं. असं करत करत पाच आठवडे गेले. पाचव्या आठवड्यात एका रविवारी पट्टी संपली, दुकान बंद, म्हटलं जाऊ दे, आता तसंही फार दुखत नाही. सोमवारी सकाळपासून जांभया सुरू. एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. नाकातून पाणी, अंगावर काटा, पोट बिघडलेलं, आणि रात्री पाय असे वळवळत होते की पलंगावर ठेवताच येईनात. बायको म्हणाली व्हायरल आहे, काढा केला, तो प्यायलो. तिसऱ्या दिवशी फिजिओ मॅडम घरी आल्या, माझ्याकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठली गोळी बंद केलीत का?"

तेव्हा कळलं की हे व्हायरल-बियरल काही नव्हतं, शरीर त्या गोळीला शोधत होतं.

आता हे नक्की काय असतं ते मला नंतर जेवढं समजलं तेवढं सांगतो. दुखण्याच्या गोळ्यांमध्ये एक घराणं आहे अफूचं. मॉर्फिन हे खरंच अफूच्या बोंडातून येतं, आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी लायसन्सवर अफू पिकवतात आणि नीमच, गाझीपूरला सरकारचेच कारखाने आहेत. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटॅनिल ही मंडळी लॅबमध्ये बनतात, अफूशी त्यांचा शेतातला संबंध काही नाही, पण शरीरात जाऊन बसतात त्याच खाचेत. या खाचा मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत असतात, तिथे गोळी बसली की दुखण्याचा निरोप वर पोचता पोचता दबून जातो. गंमत अशी की त्याच खाचा आतड्यांतही असतात, म्हणून या गोळीने हमखास बद्धकोष्ठ होतं, आणि मेंदूच्या खालच्या भागात जिथून श्वास चालतो तिथेही असतात, म्हणून डोस जास्त झाला तर श्वास मंद होतो. माणूस दगावतो तो त्यानेच. ट्रॅमाडॉलला तर अजून एक अंग आहे, ते मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनातही ढवळाढवळ करतं, त्यामुळे ज्यांना फिट येते किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, लाजायचं काम नाही.

रोज घेत राहिलं की शरीर या खाचांची संवेदना कमी करतं. मग तीच गोळी कमी पुरते, वाढवावीशी वाटते. अचानक बंद केली की दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर येतं, तेच माझ्या जांभया आणि नाकाचं पाणी. याला शरीराला सवय लागणं म्हणतात आणि व्यसन म्हणजे वेगळी गोष्ट, हे मला मॅडमनी चहावरून समजावलं. सकाळचा चहा चुकला की डोकं धरतं, ही झाली शरीराची सवय, सगळ्या महाराष्ट्राला आहे. पण चहासाठी माणूस बायकोशी खोटं बोलायला लागला, तीन टपऱ्यांवर उधारी करायला लागला, नुकसान दिसत असून थांबेना, तर ते व्यसन. पहिली गोष्ट काही दिवस रोज घेणाऱ्या कुणालाही होऊ शकते, दुसरी मोजक्यांना होते, पण पहिलीतून दुसरीत जायची वाट मोकळी असते, आणि ज्यांना आधी दारूचं किंवा कसलंही व्यसन होतं, घरात कुणाला होतं, किंवा ज्यांची झोप-मूड आधीच बिघडलेली आहे त्यांच्यासाठी ती जास्तच उताराची असते. माझं दुसरीपर्यंत गेलं नाही. पण खरं सांगू का, चौथ्या आठवड्यात दुपारची गोळी मी दुखतंय म्हणून घेत नव्हतो, ती घेतली की सगळं जरा मऊ मऊ वाटायचं म्हणून घेत होतो, हे मला तेव्हाही आतून माहीत होतं.

किती दिवसांत धोका वाढतो? अमेरिकेत २०१७ साली सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, एक आकडेवारी छापली होती, पहिल्यांदाच अशी गोळी मिळालेल्या लोकांपैकी वर्षभरानंतरही किती जण घेतायत याची. १ दिवस किंवा जास्त मिळालेल्यांत शंभरातले साधारण ६, ८ दिवस किंवा जास्त मिळालेल्यांत १३-१४, आणि ३१ दिवस किंवा जास्त मिळालेल्यांत जवळपास ३०. यातले सगळे ऑपरेशनवाले नव्हते, आणि ज्याला दुखतंच जास्त तो घेणारच जास्त दिवस, त्यामुळे सगळा दोष गोळीचा असं नाही. तरी माझ्यासारख्या आकडेवाल्या माणसाला त्यातून एवढं कळतं की पहिल्या आठवड्यातच लगाम लावायला हवा.

म्हणून मी त्या सहकाऱ्याला म्हटलं, बाबा, ऑपरेशनच्या आधीच विचार की ही गोळी कुठल्या तारखेला बंद करायची. कागदावर तारीख लिहून घे. बाकी सगळं त्यानंतर.

याचा अर्थ गोळीच नको असा मात्र कुणी काढू नका, कारण आपल्याकडे दुसरं टोकही तेवढंच आहे. माझ्या बाजूच्या बेडवर एक काका होते, परळच्या चाळीतले, जुने कबड्डीवाले. "मला नको गोळी, सहन होतंय" म्हणत दोन दिवस दात-ओठ खाऊन पडून राहिले. दुखतं म्हणून खोकेनात, कुशीवर वळेनात, चालायला उठेनात. आणि ऑपरेशननंतर न हलणं हे गोळीपेक्षा वाईट, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. शेवटी भूलतज्ज्ञ मॅडम येऊन त्यांना म्हणाल्या, "काका, दुखणं शून्य करायचं नाहीये आपल्याला, पण खोकता आलं पाहिजे, कूस बदलता आली पाहिजे, बाथरूमपर्यंत जाता आलं पाहिजे आणि सलग चार तास झोप लागली पाहिजे. एवढं होईल इतकीच गोळी." मला हे मोजमाप फार आवडलं. हॉस्पिटलात रोज विचारतात ना, शून्य ते दहात किती दुखतंय, त्या आकड्याला तसा अर्थ नाही, एकाचा चार म्हणजे दुसऱ्याचा आठ. पण बाथरूमपर्यंत गेलात की नाही, याचं उत्तर एकच असतं.

आता दुखणं म्हणजे एकच दुखणं नसतं हे समजलं की निम्मं काम झालं. पाठीच्या ऑपरेशननंतर तीन जण एकत्र दुखवत असतात. एक म्हणजे कापल्याचं, जखमेचं दुखणं, ठणकतं, आठवडा-दोन आठवड्यांत उतरतं. दुसरं स्नायूंचं, मणक्यापर्यंत पोचायला पाठीचे स्नायू बाजूला ओढून धरलेले असतात, ते नंतर रागावल्यासारखे आखडतात, कूस बदलताना जी कळ जाते ती बहुतेक यांचीच. तिसरं नसेचं, पायात करंट, जळजळ, मुंग्या. दबलेली नस मोकळी झाली की बऱ्याच जणांचा पाय भूल उतरल्या उतरल्याच हलका वाटतो, माझाही वाटला, पण बधिरपणा आणि मुंग्या महिनोन्महिने राहू शकतात, कारण इजा झालेला नसेचा तंतू परत वाढतो तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटरच्या आसपास. यातल्या नसेच्या दुखण्यावर ती स्ट्राँगवाली, म्हणजे ट्रॅमाडॉलसारखी, गोळी तशी कमीच चालते. लोक मात्र पायात करंट आला की तीच घेतात, फरक पडत नाही म्हणून अजून एक घेतात.

म्हणून डॉक्टर आजकाल चार बाजूंनी थोडं थोडं घेरतात. ऑपरेशनच्या वेळीच जखमेच्या आसपास बधिर करायचं इंजेक्शन देतात, किंवा पाठीच्या स्नायूंच्या थरात ब्लॉक, म्हणजे तिथल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, देतात. हे उतरतं दुसऱ्या दिवशीपर्यंत, आणि नेमकं तेव्हाच माणसाला वाटतं की काल तर बरं होतं, आज ऑपरेशन बिघडलं की काय. नाही, ते इंजेक्शन उतरलंय, दुसरा-तिसरा दिवस जास्तच दुखतो, हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. मग पॅरासिटामॉल, ती दुखो न दुखो घड्याळ लावून घ्यायची, पहिले काही दिवस. आपल्याला वाटतं साधी तापाची गोळी, तिने काय होणार, पण नेमाने घेतली तर स्ट्राँगवाल्या गोळीची गरज खरंच कमी होते. दुखणं चढू द्यायचं आणि मग गोळी शोधायची याने दुखणंही वाढतं आणि गोळ्याही जास्त लागतात. त्यानंतर सूज उतरवणाऱ्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब वगैरे. या चांगल्या चालतात पण किडनी, पोटातला अल्सर, बीपी, हार्ट यांचा त्रास असलेल्यांनी स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, आणि स्क्रू-रॉड टाकून मणके जोडले असतील तर हाड जुळण्यावर परिणाम होईल का यावर सर्जन-सर्जनमध्ये मतभेद आहेत, त्यामुळे तुमचा सर्जन काय म्हणतो तेच धरायचं. नसेसाठी प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन देतात, स्नायूंसाठी आखडणं सोडवणाऱ्या गोळ्या. या दोन्हींनी गुंगी येते.

गुंगीवरून, इथे जरा थांबा. ट्रॅमाडॉलसारखी गोळी, वर प्रीगाबालिन, वर झोपेची अल्प्राझोलामची अर्धी जी घरात कुणाची तरी चालूच असते, आणि वर "दोन पेग घे, मस्त झोप लागेल" म्हणणारा मित्र. हे सगळे वेगवेगळ्या दारांनी येऊन श्वासच मंद करतात. जे जोरात घोरतात, झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, त्यांना धोका अजून जास्त. माणूस हलवून जागा होत नसेल, श्वास फार सावकाश किंवा घरघरत चालला असेल, ओठ निळे पडले असतील तर उतरेल गुंगी म्हणून वाट बघायची नाही, १०८ ला फोन लावायचा.

आणि ती पॅरासिटामॉलची बेरीज. मी अकाउंटंट असून ही बेरीज केली नव्हती याची मला आजही लाज वाटते. माझ्या एकत्रवाल्या गोळीत प्रत्येकी ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं, दिवसाला तीन म्हणजे ९७५. वेगळी ६५० ची चार वेळा, म्हणजे २६००. झाले ३५७५. त्यात पावसाळा, सर्दी झाली, सर्दीच्या गोळीतही ३२५, त्या दोन घेतल्या. एकूण ४२२५. धडधाकट मोठ्या माणसालाही चोवीस तासांत ४००० च्या वर जायचं नसतं, दारू पिणारे, लिव्हरवाले, किरकोळ अंगाचे यांना त्याहून बरंच कमी. माझ्या डॉक्टरांनी नंतर ३००० वर रेघ मारून दिली. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा, किंवा पोराला मोबाईलवर फोटो काढून मोठा करायला सांगा.

गोळ्यांशिवायचं जे आहे ते ऐकायला फालतू वाटतं, पण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. पहिली गोष्ट, उठायची पद्धत. सरळ उठून बसायचं नाही, आधी गुडघे वाकवायचे, खांदा आणि कंबर एकत्र, ओंडका लोटल्यासारखं कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने रेटा देऊन बसायचं. हे चुकलं की जी कळ जाते त्यावर कुठलीच गोळी नाही. मी पहिल्यांदा घरी जोशात सरळ उठलो आणि बायको स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली एवढा ओरडलो. दुसरी गोष्ट, एका जागी वीस-तीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, क्रिकेट असलं तरी. तिसरी, चालणं. पहिल्या दिवशी हॉल ते किचन, मग पॅसेज, मग जिना. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिसरा मजला, म्हणून डिस्चार्जच्या आधी फिजिओ मॅडमनी हॉस्पिटलच्या जिन्यावरच प्रॅक्टिस करून घेतली. थोडं थोडं पण दिवसातून चार-पाच वेळा, एकदाच हिरोगिरी करून भांडुप स्टेशनपर्यंत जायचं नाही, मी गेलो, दोन दिवस पडून होतो.

बर्फ, टॉवेलात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, जखमेची पट्टी ओली न करता. सरळ झोपताना गुडघ्याखाली उशी, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये. वाकणं, पिळणं, उचलणं बंद, पाण्याची बादली तर नाहीच. जमिनीवर मांडी घालून बसणं, देवापुढे वाकणं, इंडियन संडास हे सर्जन हो म्हणेपर्यंत विसरायचं, आमच्याकडे भाड्याने कमोडची खुर्ची आणली होती. आणि रिक्षा! पावसाळ्यातल्या एलबीएस रोडवरून रिक्षाने फॉलोअपला जाणं म्हणजे केलेलं ऑपरेशन परत उसवून घेण्यासारखं वाटतं, टॅक्सी करा, पुढची सीट मागे ढकलून बसा.

चोळल्यावर बरं का वाटतं, याला शास्त्र आहे. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं, स्पर्शाचे, दाबाचे निरोप गर्दी करून आले की दुखण्याच्या निरोपाला आत शिरायला जागा कमी मिळते. विरारची लोकल डोळ्यासमोर आणा. म्हणून तर टेन्सच्या मशीनचा (कातडीवर पट्ट्या चिकटवून हलका करंट देणारं), थंड-गरम शेकाचा काही जणांना उपयोग होतो. फक्त जखमेच्या जवळ तेल-मालिश नको, माझ्या मावशीने कसलंसं तेल आणलं होतं, ते अजून तसंच आहे. आणि हे फाटक वरून मेंदूही उघडतो-मिटतो, भीती, झोप न होणं, "आता नोकरीचं काय" ही काळजी, यांनी दुखणं खरंच वाढतं. हे मनाचे खेळ नाहीत, दुखणं तेवढंच खरं असतं. मला रात्री तीन वाजता सगळ्यात जास्त दुखायचं आणि सकाळी दूधवाला आला की कमी व्हायचं, यातलं किती पाठीचं आणि किती होमलोनचं, देव जाणे.

बद्धकोष्ठावर मात्र हसू नका. पाचव्या दिवशी कुंथण्याने पाठीत जी कळ गेली ती टाक्यांपेक्षा वाईट होती. इसबगोल आणि केळं एवढ्यावर हे भागत नाही, आतडी गोळीने सुस्तावलेली असतात, नुसता चोथा वाढवला तर तोही आतच अडकून बसतो. स्ट्राँगवाली गोळी चालू तेव्हापासूनच पोट साफ व्हायचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या, जोडीला पाणी आणि चालणं.

बंद कशी करायची. साधं गादीचं ऑपरेशन असेल तर बऱ्याच जणांना ही गोळी काही दिवस ते आठवडाभर पुरते, स्क्रू टाकले असतील तर दोन-चार आठवडे लागू शकतात. आधी स्ट्राँगवाली कमी करायची, पॅरासिटामॉल सगळ्यात शेवटी. माझं डॉक्टरांनी असं केलं, गोळी परत सुरू करून दुपारची आधी बंद, चार दिवसांनी सकाळची, रात्रीची शेवटी. आठवड्याहून जास्त रोज घेतली असेल तर माझ्यासारखी एकदम तोडू नका, विचारून उतरवा. कमी करताना दुखणं जरासं डोकं वर काढतं, दोन-तीन दिवसांत बसतं. नाहीच बसलं, किंवा गोळीवाचून दिवस सुरूच होत नाही असं वाटायला लागलं, तर स्पष्ट बोला. मोठ्या हॉस्पिटलांत पेन क्लिनिक असतं, व्यसनासाठी सरकारची १४४४६ ही फुकट हेल्पलाइन आहे. आणि मेडिकलवाल्याच्या भरवशावर राहू नका. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको, दुकानदाराने रजिस्टरमध्ये नोंद करायची असते, पण मला कागदाचा मळका झेरॉक्स दाखवून मिळत होती हेही खरं.

काही दुखणी मात्र गोळीने दाबायची नसतात. लघवी अडकली किंवा नकळत होतेय, बसायच्या जागी, मांड्यांच्या मध्ये बधिर झालंय, पायातली ताकद गेली, ताप आला, जखमेतून पू येतोय किंवा पाण्यासारखं काही गळतंय आणि उठून बसलं की डोकं फुटतंय, एक पोटरी सुजली, दम लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

शेवटी माझ्याकडे नऊ गोळ्या उरल्या. फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात, रबर लावलेल्या पिशवीत पडून होत्या. आईचे गुडघे दुखतात, ती चौऱ्याहत्तरची, बीपी आहे, झोपेची गोळी आहे. एका संध्याकाळी ती म्हणाली, "तुझी ती भारीवाली गोळी आहे ना, त्यातली एक दे की, तुला किती फरक पडला होता." मी तिला तिची नेहमीची पॅरासिटामॉल दिली, शेकाची पिशवी दिली, आणि नऊच्या नऊ गोळ्या पट्टीतून काढून दुधाच्या रिकाम्या पिशवीत चहाच्या चोथ्यात कालवल्या, गाठ मारली आणि कचऱ्यात टाकल्या. आई दारात उभी राहून बघत होती. "एवढी महागाची गोळी," म्हणाली, आणि गुडघ्यावर पिशवी धरून सिरियल लावून बसली.